नऊ वाजताची गोळी

पोटात लेकरू असताना सायकोसिसवरची (नसलेले आवाज ऐकू येतात, भलते संशय येतात त्या आजारावरची) गोळी चालू ठेवायची की नाही, हे मी २०२३ साली जवळजवळ रोज कुणाला ना कुणाला विचारलं. मराठीत शोधावं तर "डॉक्टरांचा सल्ला घ्या" याच्यापुढं काही मिळायचं नाही. सल्ला तर घेतलाच होता. दोन डॉक्टरांचा घेतला होता आणि दोन्ही सल्ले एकमेकांच्या उलट होते. म्हणून झालं तसं लिहून ठेवते. तारखा फाईलमधल्या आहेत, खर्च नवऱ्याच्या दुकानाच्या वहीतला आहे, बाकीचं आठवतं तसं. मी डॉक्टर नाही. माझी गोळी आणि माझा डोस माझ्यापुरता आहे, एवढं धरून वाचा.

आधीचं थोडक्यात. २०१६ मध्ये अंबाजोगाईला बी.एड. करताना मला पहिल्यांदा त्रास झाला. आवाज, संशय, सगळं. लातूरच्या मानसोपचार डॉक्टरांकडं (त्यांना पुढं सर म्हणते) तेव्हापासून आहे. सुरुवातीला रिस्पेरिडोन आणि सोडियम व्हॅलप्रोएट. रिस्पेरिडोननं पाळी गेली ती दहा महिने आली नाही. ही गोळी प्रोलॅक्टिन वाढवते, अंगावर पाजणाऱ्या बाईचं वाढतं तेच हार्मोन. २०१९ मध्ये सरांनी ती बदलून ओलान्झापिन सुरू केली आणि तिसऱ्या महिन्यात पाळी परत आली. २०२० मध्ये लग्न ठरलं तसं त्यांनी व्हॅलप्रोएट बंद केली. तिच्यानं बाळाच्या मणक्यात दोष राहू शकतो, मेंदूच्या वाढीवरही परिणाम होतो, म्हणून मूल व्हायच्या वयातल्या बाईला ती शक्यतो देत नाहीत. ओलान्झापिनचं काय करायचं हे तेव्हा त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चूक दोघांची. लग्नाआधी किंवा दिवस जायच्या आधी एक वेगळी अपॉइंटमेंट फक्त याच प्रश्नासाठी घ्या. मला ती चारशे रुपयांना पडली असती.

नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलेलं होतं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, रात्री नऊला मी "झोपेची गोळी" घेते इतकंच माहीत.

आमचं गाव औसा तालुक्यात. नवऱ्याचं खत-बियाण्याचं दुकान, मी तासिका तत्त्वावर शिकवायचे. डिसेंबर २०२२ मधल्या येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात कोपीपाशी बसून भज्जी खाल्ली, दोन तांबे आंबील प्याले, तेव्हा पोटात काही असल्याची कल्पनाही नव्हती. १२ जानेवारीला घरी तपासणी केली, दोन रेघा आल्या. शेवटची पाळी ४ डिसेंबरची, म्हणजे साडेपाच आठवडे झालेले.

१३ जानेवारी, शुक्रवार. जवळच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडं गेलो. फाईल बघून त्या म्हणाल्या, "या डोक्याच्या गोळ्या आजपासून बंद. एक पण घ्यायची नाही. बाळाला व्यंग येईल." फी तीनशे. फॉलिक ॲसिड दिलं आणि उठवलं. सरांना फोन लावावा असं मनात आलं होतं. लावला नाही, कारण खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंच होतं. सात वर्षं जी गोळी सुटावी असं वाटत होतं, ती सोडायला आता सगळ्यात चांगलं कारण सापडलं होतं. त्या रात्री गोळी घेतली नाही.

भोगी, संक्रांत छान गेली. वाण द्यायला आलेल्या बायकांनी तोंडावर तेज आलंय म्हटलं. झोप मात्र चार तासांवर आली. मला वाटलं दिवस गेल्यानं असेल. २० तारखेपर्यंत ती दोन तासांवर आली. मग मी रात्री तांदूळ निवडायला बसायचे. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायचे.

२६ जानेवारीला जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन, भोंगा आमच्या गल्लीकडं तोंड करून बांधलेला. नंतर त्याच भोंग्यावर ग्रामसभेची दवंडी. नळ योजना, घरकुलाची यादी, पांदण रस्ता, असं काहीतरी चाललं होतं. मी ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होते आणि मला स्वच्छ, अगदी माझ्या नावासकट ऐकू आलं की माझ्या पोटातल्या लेकराचा ठराव मांडलाय, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी जळून धूर झाला तरी हलले नाही, कारण हललं की मतदान आपल्याविरुद्ध जाईल अशी खात्री होती. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा हसू येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

त्यानंतर मी घरातलं खाणं सोडलं. अन्नात काहीतरी कालवतात आणि ते लेकरासाठी कालवतात, असं वाटायचं. आत्या ताट घेऊन दारात, मी आतून कडी लावलेली. लेकराला वाचवायचं म्हणून मी तीन दिवस जवळजवळ पाण्यावर होते. ३ फेब्रुवारीला रात्री दोन वाजता नवऱ्यानं १४४१६ ला फोन लावला. सरकारची टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिकडच्या बाईनं नवऱ्याला शांत केलं. आधी विचारलं की घरात कीटकनाशक आहे का. आमचं तर दुकानच त्याचं. किल्ली भावकीत ठेवायला लावली आणि जिथं आधीची फाईल आहे तिथं लवकरात लवकर न्या म्हणून सांगितलं.

६ फेब्रुवारीला सोमवारी लातूर. नऊ आठवडे पूर्ण. वजन ५८ वरून ५४. चार दिवस ॲडमिट, अकरा हजार खर्च. ओलान्झापिन आधी ५ मिलीग्रॅम, मग पहिल्यासारखी १०. झोप तिसऱ्या रात्री आली. आवाज जायला महिना लागला.

सरांनी बोलायचं ते शुद्धीवर आल्यावर, ११ तारखेला, नवऱ्याला शेजारी बसवून बोलले. मी केसपेपरच्या पाठीमागं लिहून घेत होते. तो कागद अजून आहे, अक्षर वेडंवाकडं आहे.

पहिलं त्यांनी सांगितलं की गोळी बाळापर्यंत पोचते. पोचत नाही असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. ओलान्झापिन तर चांगलीच पोचते, आईच्या रक्तात असते त्याच्या सुमारे सत्तर टक्के नाळेच्या रक्तात सापडलेली आहे. क्वेटियापिन नावाची दुसरी गोळी सगळ्यांत कमी, पाव भागाच्या आसपास.

मी लगेच म्हटलं, मग मला ती दुसरी द्या.

"ती तुम्हाला लागू पडते का हे कळायलाच दीड-दोन महिने जातील. तोवर पुन्हा भोंगा बोलायला लागला तर? आणि बाळाला एका औषधाऐवजी दोन औषधं मिळतील ते वेगळंच. लागू पडलेली गोळी पोटुशीपणात बदलत नसतात, काही खास कारण असल्याशिवाय."

व्यंगाचं त्यांनी असं सांगितलं. शंभर बायकांनी एकही गोळी घेतली नाही तरी दोन-तीन लेकरांत जन्मजात काही ना काही दोष निघतो. हे शून्य कधीच नसतं. २०१६ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास छापून आला, तेरा लाखांहून जास्त गर्भारपणांचा. आईचे बाकीचे आजार, बाकीची औषधं हे सगळं हिशेबात धरल्यावर नव्या पिढीच्या या गोळ्यांनी व्यंगाचं प्रमाण फारसं वाढलेलं दिसलं नाही. रिस्पेरिडोनमध्ये किंचित वाढ दिसली, तीही आणखी तपासायला हवी असं त्यांनीच म्हटलंय. म्हणजे "व्यंग येईल" हे वाक्य माझ्या गोळीला लागू नव्हतं. ते जर कुठल्या गोळीला लागू असेल तर ती व्हॅलप्रोएट, आणि ती तर तीन वर्षांपूर्वीच बंद झालेली. सगळ्या "डोक्याच्या गोळ्या" एकाच पिशवीत घालायच्या नसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

धोका नाही असं मात्र ते म्हणाले नाहीत. ओलान्झापिननं वजन वाढतं, साखर वाढू शकते, त्यामुळं गरोदरपणातला डायबेटिस होण्याची शक्यता जास्त. आणि शेवटच्या तीन महिन्यांत गोळी चालू असेल तर बाळाला जन्मल्यावर काही दिवस त्रास होऊ शकतो: थरथर, अंग कडक किंवा ढिलं पडणं, जास्त झोप, दूध न ओढणं, कधी श्वासाला त्रास. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्ये या सगळ्याच गोळ्यांच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. "म्हणून बाळंतपण अशा ठिकाणी करायचं जिथं बालरोगतज्ज्ञ आणि काचेची पेटी त्याच इमारतीत आहे. गावात नाही."

मग त्यांनी माझ्या वजनाकडं बोट केलं. "चार किलो तुमचं गेलं. तीन दिवस उपाशी कोण होतं? आजार पण बाळापर्यंत पोचतो."

नवरा त्यावर काही बोलला नाही. बाहेर आल्यावर उसाचा रस पाजला, तोही अर्धा त्यानंच प्याला.

डॉक्टर बदलला. लातुरातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडं नाव घातलं. पहिल्या भेटीत त्यांनी सरांना माझ्यासमोर फोन केला, दोन मिनिटं बोलल्या. सबंध नऊ महिन्यांत माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल तर ती दोन मिनिटं. तुमचे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नसतील तर तुम्ही कागद फिरवा. मी तेच करायला लागले. एका वहीत डावीकडं सरांनी लिहायचं, उजवीकडं मॅडमनी.

वहीचा पहिला फायदा उलट्यांच्या वेळी झाला. गावातल्या डॉक्टरांनी उलटी थांबायला मेटोक्लोप्रामाईडचं इंजेक्शन काढलं होतं. सरांनी वहीत लाल पेननं लिहून ठेवलेलं: हे द्यायचं नाही, हेही डोपामिनवरच (मेंदूतल्या एका रसायनावर) काम करतं, दोन्ही मिळून मान-जबडा आखडू शकतो. वही दाखवली, त्यांनी डॉक्सिलामाईन आणि बी-६ ची गोळी दिली. रागावले नाहीत. उलट फोटो काढून घेतला.

२८ फेब्रुवारीला बारा आठवड्यांची सोनोग्राफी, अठराशे रुपये. दर वेळी एफ फॉर्म (सोनोग्राफीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म), आधारची झेरॉक्स, सही. भिंतीवर गर्भलिंगनिदान होत नाही ही पाटी. २० एप्रिलला मोठी, व्यंग बघायची सोनोग्राफी, अडीच हजार. त्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, जरूर नसताना. डॉक्टर मॉनिटरकडं बघत मणका, ओठ, हृदयाचे चार कप्पे असं एकेक नाव घेत होते आणि लिहिणारी मुलगी "नॉर्मल" टाईप करत होती. किडनीपाशी ते जरा थांबले. माझ्या हाताला घाम सुटला. त्यांना शिंक आली होती.

गावात नोंदणी आशाताईंकडं. माता-बाल संरक्षण कार्डावर आजाराच्या रकान्यात काय लिहायचं, यावर आम्ही अर्धा तास ओट्यावर बसून होतो. कार्ड अंगणवाडीत, उपकेंद्रात, सगळीकडं फिरतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, हे मला सरांकडून कळलं होतं, पण कायदा सांगून गावात भांडण घेण्यापेक्षा मी ताईंना खरं सांगितलं आणि कार्डावर "लातूर येथे तज्ज्ञ उपचार चालू" एवढंच लिहायला लावलं. अतिजोखमीची माता म्हणून खूण केली, ती हवीच होती. ताईंनी बाहेर चकार शब्द काढला नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत असते, रक्त-लघवीच्या तपासण्या मी तिथंच केल्या. तेवढेच पैसे वाचले.

मातृवंदना योजनेत सरकार गरोदर बाईला देतं त्या पाच हजारांचं वेगळंच. माझं आधार माहेरच्या नावानं, बँकेचं खातं सासरच्या. अर्ज दोनदा परत. विवाह नोंदणीचा दाखला काढून आधार बदललं, त्यात पाच आठवडे आणि तीन चकरा. पहिल्या लेकराला हे पैसे दोन हप्त्यांत मिळतात, तीन हजार आणि दोन हजार. लग्न झाल्यावर लगेच नाव बदलून टाका, किंवा अजिबात बदलू नका. अर्धवट ठेवू नका.

औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणं हे मला वाटलं नव्हतं इतकं अवघड निघालं. सहाव्या महिन्यात पोट दिसायला लागलं तशी एका दुकानदारानं चिठ्ठी हातात घेऊन चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "ही गोळी तुम्हालाच का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मी नाही देणार, लेकराचं पाप कशाला." त्या दिवसापासून नवरा आणायचा. ज्यांना परवडत नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा, तिथं मोफत मिळतात. आम्हाला महिन्याला अडीचशेच्या आत पडायच्या.

साखर वाढायची ती वाढलीच. बाराव्या आठवड्यात बरोबर होती, ५ जूनला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १५२ आली. १४० च्या आत हवी. मॅडमनी घाबरवलं नाही. दोन आठवडे खाण्यावर बघू म्हणाल्या. भात एक वेळ अर्धी वाटी, ज्वारीची भाकरी मोजून, आंबा बंद. जूनमध्ये आंबा बंद, तोही माहेरी झाडं असताना. जेवण झाल्यावर वीस मिनिटं गल्लीत फेऱ्या. त्यावर्षी अधिक महिना होता, धोंड्याला जावयाला बोलावून आईनं पुरणाचे धोंडे केले आणि माझ्यासमोर जावई अकरा खाऊन उठला. जेवणानंतरची साखर ११४ वर आली, १२० च्या आत हवी होती. इन्सुलिन लागलं नाही. वजन शेवटी ७३ वर गेलं.

आत्यांचं मधेच उसळायचं. "कशाला खाऊलालीस गं त्या गोळ्या, लेकरू झोपाळू निपजंल." एकदा पुडी राखेत लपवली. मी नवऱ्याला सांगितलं नाही. जानेवारीत दाराबाहेर ताट घेऊन त्याच उभ्या राहिल्या होत्या, रात्रभर. मी त्यांना फक्त म्हटलं, आत्या, ती नसली तर मी जेवत नाही, तुम्ही बघितलंय. पुडी दुसऱ्या दिवशी दिवळीत होती.

छत्तिसाव्या आठवड्यात मी लातुरात मोठ्या बहिणीकडं राहायला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मोडला म्हणून दोन्हीकडं कुरकुर झाली. पण दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर हवा होता. त्या ऑगस्टात पाऊसच पडला नाही, सोयाबीननं माना टाकल्या, नवरा उधारी वसुलीच्या विचारात. आणि १ सप्टेंबरला, ज्या रात्री मला कळा सुरू झाल्या त्याच दिवशी, अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. दुसऱ्या दिवसापासून मराठवाड्यात ठिकठिकाणी रास्ता रोको, एसट्या बंद. आई अंबाजोगाईला अडकली. नवरा मोटारसायकलवर आडवाटेनं पहाटे पोचला.

पिशवीत सगळ्यात वर एक कागद होता. सर, मॅडम आणि बालरोगतज्ज्ञ, तिघांच्या सह्यांचा, जुलैमध्येच करून घेतलेला. गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी घेतली. बाळंतपणाच्या दिवशीही रात्रीची गोळी चुकवायची नाही. बाळाला निदान तीन दिवस नजरेखाली ठेवायचं, साखर तपासायची. आईची झोप सहा तास राखायची. माझी धोक्याची लक्षणं कुठली: सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप, तांदूळ पुन्हा पुन्हा निवडणं, ताटाकडं बघत राहणं. वाढलं तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मानसिक आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात) आई आणि बाळाला एकत्र ठेवायचा विभाग आहे, तिकडं न्यायचं, हेही त्यात होतं. त्या कागदाच्या चार प्रती होत्या. रात्रपाळीच्या सिस्टरनं एक वाचून टेबलाच्या काचेखाली सरकवली.

२ सप्टेंबरला पहाटे पाच चाळीसला मुलगी झाली. नॉर्मल, दोन किलो नऊशे. लगेच रडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची हनुवटी थरथरायला लागली. आधी वाटलं थंडी वाजते. दुपट्यात घट्ट गुंडाळली तरी थरथर थांबेना, मग उजवा हात, मनगटापासून, सतारीची तार हलावी तसा. स्तनाला लावली की दोन घोट ओढायची आणि झोपून जायची. तळव्याला टिचक्या मारल्या तरी उठायची नाही. बहीण म्हणाली आकडी आहे. मी काहीच म्हटलं नाही. मला माहीत होतं हे कशाचं आहे, आणि ते मी दिलेलं आहे.

बालरोगतज्ज्ञांनी येऊन तिचा हात आपल्या मुठीत धरला. थरथर थांबली. सोडला, परत सुरू. "आकडी असती तर धरल्यावर थांबली नसती," म्हणाले. साखर ५८, ठीक होती. श्वास ठीक. तरी पेटीत नेली. तीन दिवस, दिवसाला साडेचार हजार. मी दर तीन तासांनी दूध काढून वाटीत घेऊन जायचे आणि सिस्टर चमच्यानं पाजायची. एका रात्री पेटीबाहेर उभी असताना मनात आलं की आता हिला माझ्याकडून काढूनच घेतील, वेडी आई म्हणून. सकाळी सरांना फोनवर तेच विचारलं. ते म्हणाले, कायदाच सांगतो की आईवर मानसिक उपचार चालू असले तरी तीन वर्षांखालचं मूल शक्यतो तिच्यापासून तोडायचं नाही. आणि मग विचारलं, काल किती तास झोपलात? तीन. "म्हणून हे विचार. आज नऊला गोळी, आणि रात्रीचं दूध बहीण नेईल."

चौथ्या दिवशी हनुवटी थांबली. पाचव्या दिवशी, ७ तारखेला, घरी सोडलं. सगळा मिळून खर्च एक्केचाळीस हजार.

पुढचे पंधरा दिवस खरे कसोटीचे. बाळंतपणानंतरचा सायकोसिस एरवी हजारात एक-दोघींना होतो, आधीचा आजार असलेल्यांना त्याहून कितीतरी जास्त, आणि बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच. म्हणून रात्र वाटून घेतली. नऊला गोळी, दहाला शेवटचं पाजणं, मग पहाटे चारपर्यंत बहीण किंवा आई (ती ५ तारखेला कुणाच्या तरी जीपमध्ये बसून आली). काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं. गोळी दुधात उतरते, पण फार थोडी, म्हणून सरांनी पाजायला हो म्हटलं. बाळ फार झोपाळू वाटलं, वजन वाढेना तर कळवायचं एवढी अट. क्लोझापिन (याच आजारावरची आणखी एक गोळी) असती तर पाजू दिलं नसतं. गोळीच्या गुंगीत लेकराला कुशीत घेऊन झोपायचं नाही, हे मात्र कडक. ती बाजूच्या पाळण्यात.

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायका हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग होता आणि त्याच्यावर कुठलाही डॉक्टर काही लिहून देत नाही. बहिणीनं दारावर पाटी लावली, भेटायची वेळ चार ते सहा. लोकांनी नावं ठेवली. पोळ्याच्या आदल्या रात्री मी फक्त तीन तास झोपले आणि सकाळी बहिणीला मी भाजी निवडताना दिसले. तिनं काही न विचारता सरांना फोन लावला. आठ दिवस डोस थोडा वाढवला, परत कमी केला. तांदूळ नव्हते, मेथी होती, पण तिनं बरं केलं.

सहा आठवड्यांनी माझी साखर पुन्हा तपासली, ठीक आली. लेक दोन महिन्यांत हसली, सातव्यात बसली, आता दहाव्यात धरून उभी राहते. बालरोगतज्ज्ञ तिची वाढ दर भेटीत बघतात, तीन वर्षांपर्यंत बघू म्हणालेत. मातृवंदनेचा दुसरा हप्ता मार्चमध्ये आला, त्यातून तिला पैंजण केले. माझी गोळी चालू आहे. वजन ६८.

स्ट्रिपचा कुरकुर आवाज तिला फार आवडतो. परवा ती हात करून मागायला लागली, म्हणून पुडी दिवळीतून काढून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. तिथं ठेवल्यापासून दोनदा विसरले असते. आत्याच नऊला माळ ओढता ओढता आतून ओरडतात, "गोळी घेतलीस का गं?"